डीपीपाशी ४०५, विहिरीवर ३५६

रब्बीचा हंगाम लागला की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे जळालेल्या मोटारी येऊन पडायला लागतात. गंगापूर असो, वैजापूर असो की कन्नड, कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘होल्टेजच नाही.’ उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. व्होल्टेज कुठवर होतं आणि कुठे गळालं, हे त्यातून कळत नाही. ते कळायला मोटार चालू असताना डीपीपाशी (म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी) आणि विहिरीवर घेतलेलं व्होल्टेजचं माप आणि टंग टेस्टरने मोजलेला करंट, एवढे तीन आकडे पुरतात. ते हाताशी नसताना शेतकरी आणि वीज कंपनी यांच्यात होणारं भांडण ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने सुटतं.

गणित नववीच्या पुस्तकातलं आहे. विभवांतराला धारेने भागलं की रोध मिळतो, गुणलं की शक्ती. छत्रपती संभाजीनगर शहरातली पाणचक्की हेच पाण्यात करून दाखवते. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून आणून उंचावरून पात्यांवर सोडलं, की जातं फिरे. नुसत्या उंचीने पीठ निघत नाही आणि नुसत्या धारेनेही नाही; दोन्हींचा गुणाकार लागतो. नळ अरुंद असेल, तर उंचीचा काही भाग जात्यापर्यंत पोचण्याआधीच घर्षणात संपतो. विहिरीवरच्या मोटारीचं बहुतेक वेळा असंच होतं, कारण डीपीच्या खांबापासून विहिरीपर्यंतचा तिचा ‘नळ’ म्हणजे परवडेल तेवढ्या जाडीची केबल.

हिशोबापुरतं एक उदाहरण घेऊ. विहीर खांबापासून अर्धा किलोमीटर लांब, केबल ४ स्क्वेअर एमएम अॅल्युमिनिअमची, मोटार ५ अश्वशक्तीची, तिन्ही फेजवर करंट १० अँपिअर. अॅल्युमिनिअमची रोधकता धरून या केबलच्या एकेका तारेचा रोध ३.५ ओहम येतो. धारेचा वर्ग गुणिले रोध, गुणिले तीन तारा, म्हणजे १०५० वॉट. एवढी वीज केबल नुसती तापवण्यात जाते आणि मोटारीला मिळतात जेमतेम ४९०० वॉट. मोटारीला मिळते त्याच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्तच वीज पाणी न उपसता संपली. डीपीपाशी दोन फेजमध्ये ४०५ व्होल्ट असतील, तर विहिरीवर ३५६ च्या आसपास उरतात. तीच केबल १० स्क्वेअर एमएमची असती, तर रोध १.४ ओहम आणि नुकसान ४२० वॉटच्याही खाली. (केबल घेताना भाव मीटरवर ठरतो आणि जाडीचा प्रश्न दुकानदारावर सोडला जातो, ही आपल्याकडची जुनी खोड.)

यावर जाणकार हरकत घेतील, की ओहमचा नियम तारेला लागू, मोटारीला नाही. हरकत रास्त आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. जुन्या पिवळ्या बल्बचं व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो. तो मंद जळतो, पण जळून जात नाही. मोटारीवर पाण्याचा भार तोच राहतो, म्हणून व्होल्टेज उतरलं की ती जास्त करंट ओढते. ४१५ व्होल्टला जी ८.६ अँपिअरवर चालली असती, ती ३५६ ला १० घेते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्याने ती सुमारे ३५ टक्क्यांनी चढते. सुरू होतानाचा करंट तर याच्या कितीतरी पट असतो; त्या क्षणी केबलमध्ये व्होल्टेज आणखी कोसळतं, मोटार नुसती घुमते आणि पाणी उचलत नाही. दुसरी हरकत पॉवर फॅक्टरची, म्हणजे व्होल्टेज आणि करंट एका ठेक्यात नसण्याची. वरच्या मापांचा सरळ भागाकार केला तर, म्हणजे ४०५ आणि ३५६ मधल्या ४९ च्या फरकाला आधी (तीन फेजच्या हिशोबाने) १.७३ ने आणि मग १० ने भागलं तर, रोध २.८ ओहम येतो. पॉवर फॅक्टर ०.८ धरला की तो ३.५ ला पोचतो. म्हणजे साधं गणित चुकलं तरी नुकसान कमी दाखवतं, फुगवून सांगत नाही. एक फेज गेल्यानेही मोटार जळते, म्हणून माप तिन्ही फेजचं हवं, आणि ते वायरमनने घ्यावं. उघड्या तारांशी शेतकऱ्याने खेळू नये.

आता दोष कोणाचा? लघुदाब पुरवठ्यात सहा टक्क्यांपर्यंतचा चढउतार नियमात बसतो. म्हणजे ४१५ चे ३९० झाले तरी तक्रारीला जागा नाही. डीपीपाशीच ३५० भरत असतील, तर जबाबदारी सरळ वीज कंपनीची: डीपीवर भार जास्त आहे, नाहीतर तिच्यापर्यंत येणारी लाइन फार लांबली आहे. शेतीच्या फिडरला ठरावीक तासच वीज असल्याने ती येताच ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, त्यात चोरून टाकलेल्या आकड्यांची भर. यावर २०१८ पासून राज्यात उच्चदाब वितरण प्रणाली आली. ११ हजार व्होल्टची लाइन शेतापर्यंत न्यायची आणि एका-दोन पंपांना छोटा ट्रान्सफॉर्मर द्यायचा. तीच शक्ती ४१५ ऐवजी ११ हजारांवर नेली, तर करंट साडेसव्वीस पटींनी घटतो आणि त्याच तारेतलं नुकसान सातशेपटींनी. खर्च मोठा आहे हे खरं, पण हे गणित पाहता त्याला उधळपट्टी म्हणता येत नाही. मात्र डीपीपाशी ४०५ असून विहिरीवर ३५६ येत असतील, तर ४९ व्होल्ट शेतकऱ्याच्याच केबलने खाल्ले आहेत, आणि हे ऐकायला कोणालाच आवडत नाही.

आणि वीजच फुकट असेल तर? एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतं. मग १०५० वॉट केबलमध्ये गेले तर शेतकऱ्याचं काय गेलं? बिलापुरतं काही नाही. पण बिल माफ झाल्याने मोटारीपर्यंत व्होल्टेज वाढत नाही, आणि वाइंडिंगच्या तांब्याची किंमत, मोटार वर काढायची मजुरी आणि ती दुरुस्त होईपर्यंत पाण्यावाचून उभा राहिलेला गहू कुठल्याच माफीत बसत नाहीत.