मैला उचलायचा नाही, संडास उचलायचा!



गावात आता पुष्कळ घरांपुढे संडास उभे राहिले आहेत. सन २००० च्या सुमारास संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, २०१४ साली स्वच्छ भारत अभियान आले आणि गावठाणाचे रूप बरेच पालटले. ही गोष्ट चांगलीच झाली. पण संडास राहिला गावात आणि आपण असतो शेतात! सुगीत सारे घर दोन-दोन महिने वस्तीवर मुक्कामाला असते. कांदा काढायला, द्राक्षे उतरवायला बाहेरगावची माणसे येतात. ऊसतोडीच्या टोळ्या तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांतच राहतात. या साऱ्यांनी जायचे कुठे?

गडीमाणूस बांधापलीकडे जाऊन येतो. पण घरच्या लेकीसुनेला अंधार पडेपर्यंत थांबावे लागते. थांबावे लागते म्हणून ती दिवसभर पाणी कमी पिते. उन्हात राबायचे आणि पाणी तोडायचे, म्हणजे लघवीची जळजळ आणि बद्धकोष्ठ हे ठरलेलेच. अंधारात गेले की साप-विंचवाचे भय. म्हाताऱ्या माणसाला तर ओल्या बांधावरून पाय घसरण्याची धास्ती. आणि उघड्यावरचा मैला पावसाच्या पाण्याबरोबर वाहत जातो तो आपल्याच विहिरीकडे.

यावर उपाय आहे तो फिरत्या संडासाचा. आज इथे, दोन-तीन महिन्यांनी तिथे. खर्च बेताचा आणि गावच्या गवंड्याच्या हाताने होण्याजोगा.

बादलीचा संडास का नको?

फिरता संडास म्हटले की पहिल्यांदा डोळ्यांसमोर बादली येते. वर बैठक, खाली बादली, भरली की ओतायची. पण ओतायची कुणी? आपल्या समाजाने शेकडो वर्षे हे काम काही जातींच्या माथी मारले आणि वर त्यांनाच अस्पृश्य म्हटले. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी या अन्यायाविरुद्ध उभे आयुष्य वेचले. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी स्वतः सफाईचे काम केले. कुणाला दुसऱ्याचा मैला वाहावा लागू नये आणि त्या मैल्याचे सोनखत व्हावे, अशा सोप्या संडासाचा त्यांनी प्रसार केला. २०१३ च्या कायद्याने तर हाताने मैला काढायला माणूस लावणे हा गुन्हा ठरला आहे. मैला पुरता कुजण्याआधी हाताने काढावा लागेल, असा संडास बांधायलाही त्या कायद्याने मनाई आहे.

म्हणून आपल्या संडासाचा पहिला नियम असा, की मैला जिथे पडला तिथेच राहील, तिथेच कुजेल. हलवायचा तो वरचा संडास. लहान खड्डा, त्यावर उचलता येणारी फरशी आणि भोवती उचलता येणारा आडोसा, एवढेच त्याचे अंग.

वास येतो कशाने?

वास मारायचा तर तो कशाने येतो हे आधी समजून घ्यावे. फिनेल ओतून वास दबतो, जात नाही.

पहिले कारण ओल. मैला पाण्यात भिजत पडला की त्याला हवा मिळत नाही आणि तो कुजण्याऐवजी सडतो. सडका वास त्याचाच. दुसरे कारण म्हणजे लघवी आणि मैला यांची मिसळ. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. पण मैल्यातले जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात आणि मग डोळे चुरचुरतात. तिसरे कारण उघडेपणा. उघड्या मैल्यावर माशी बसते आणि तीच पुढे आपल्या भाकरीवर येते.

यावर उपाय म्हणजे कोरडे ठेवा, वेगळे ठेवा, झाकून ठेवा. गांधीजींच्या आश्रमात मैल्यावर माती टाकण्याचा नेमच होता. इंग्लंडात हेन्री मूल नावाच्या धर्मोपदेशकाने कोरडी माती टाकल्याने घाण मरते हे पाहून १८६० साली मातीच्या संडासाचे पेटंट घेतले होते. आपल्या घरची मांजरही हीच युक्ती जाणते!

सामान काय लागेल?

(१) सिमेंटची गोल फरशी, ३ फूट व्यासाची आणि दीड इंच जाडीची.
(२) लोखंडी ड्रमचे १ फूट उंचीचे कडे. दोनशे लिटरचा जुना ड्रम कापला की असे कडे निघते. कीडनाशकाचा ड्रम मात्र घेऊ नये. कडेची धार हातोडीने वळवून बोथट करावी.
(३) ४ इंची पीव्हीसी पाइप, ८ फूट लांब, आणि त्याच्या तोंडाला बसेल अशी न गंजणारी बारीक जाळी.
(४) भोकावर ठेवायला दांड्याचे लाकडी झाकण.
(५) आडोशासाठी चार वासे किंवा बांबू, आणि तरट किंवा ताडपत्री.
(६) राख-मातीसाठी डबा, पाण्याची बादली, आणि हात धुण्यासाठी तोटीचा कॅन व साबण.

फरशी कशी ओतावी?

सपाट जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरा. त्यावर विटांचे ३ फूट व्यासाचे गोल रिंगण मांडा. मधोमध, किंचित पुढच्या अंगाला, ११ इंच लांब आणि ७ इंच रुंद असा लाकडी ठोकळा ठेवा. हे संडासाचे भोक. ७ इंचांहून रुंद करू नका, म्हणजे लहान मूल आत जाण्याचे भय राहणार नाही. ठोकळ्याच्या मागे तीन इंच सोडून साडेचार इंची पाइपाचा तुकडा उभा करा. ती हवेच्या पाइपाची जागा.

एक भाग सिमेंट आणि तीन भाग स्वच्छ वाळू यांचा घट्टसर माल करावा. अर्धा माल पसरून त्यावर कोंबडी जाळी आणि तीन-चार मिलिमीटर जाडीच्या तारा उभ्या-आडव्या ठेवाव्यात. वरून उरलेला माल घालून थापीने साफ करावा. भोकाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला अर्धा इंच उंचवटा करावा. माल थोडा धरला की ठोकळा अलगद काढून घ्यावा. मग ओली पोती टाकून निदान दहा दिवस फरशी भिजत ठेवावी. इथे घाई केली तर फरशी तडकणार हे नक्की. पुरी पक्की झाली की कडांखाली विटा ठेवून दोघा-तिघांनी तिच्यावर उभे राहून पाहावे आणि मगच वापरात घ्यावी.

अशी फरशी साठ किलोच्या आसपास भरते. पण गोल असल्याने ती उचलत बसावी लागत नाही. उभी करून दोघांनी धरली की चाकासारखी गडगडत नेता येते. लांब जायचे तर बैलगाडीत किंवा ट्रॉलीत घालावी.

जागा आणि खड्डा

विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान ५० फूट लांब आणि उताराच्या अंगाला जागा निवडावी. खाली भेगाळ खडक असेल तर १०० फूट दूर जावे, कारण भेगांतून घाण पाणी लांबवर जाते. पाणी तुंबणारी जागा घेऊ नये. खड्ड्याचा तळ जमिनीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा निदान पाच-सहा फूट वर असला पाहिजे.

खड्डा २ फूट रुंद आणि ३ फूट खोल पुरे. तोंडाशी ड्रमचे कडे असे बसवावे, की निम्मे जमिनीत आणि निम्मे वर राहील. भोवती माती चोपून ओटा करावा, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरणार नाही आणि तोंड ढासळणार नाही. तळाशी पालापाचोळ्याचा वीतभर थर द्यावा. मग फरशी ठेवून कडेच्या फटी चिखलाने लिंपाव्यात.

पाठीमागच्या भोकात पाइप उभा करावा आणि वासाला बांधावा. तो आडोशाहून निदान दीड फूट उंच आणि उन्हात असावा. बाहेरून काळा रंगवला तर उत्तम. ऊन आणि वारा मिळून खड्ड्यातली हवा पाइपातून वर ओढतात, म्हणून वास आडोशात न येता वरच्या वर निघून जातो. झाकणाला चार-सहा बारीक भोके पाडून जाळी मारावी, म्हणजे खाली हवा मिळेल. माशी आत शिरलीच तर ती उजेडाकडे, म्हणजे पाइपातून वर जाते आणि जाळीशी अडकून मरते. ही पाइपाची युक्ती १९७० नंतरच्या दशकात आफ्रिकेत, आजच्या झिंबाब्वे देशात पुढे आली आणि पुष्कळ देशांत पसरली.

आता आपल्याकडची खास अडचण. आपण पाण्याने धुतो. ते पाणी खड्ड्यात गेले तर सारी कोरड वाया जाईल. म्हणून त्याच आडोशात, हातभर बाजूला, दीड फूट खोल शोषखड्डा करावा, तो दगडगोट्यांनी भरावा आणि वर खडबडीत फरशी ठेवावी. धुणे तिथेच आणि लघवीही तिथेच. ही ओल विहिरीपासून तेवढीच दूर असली पाहिजे. तिच्याकडेला केळ लावावी, पालेभाजी लावू नये.

वापराचे नियम

दोन भाग कोरडी, चाळलेली माती आणि एक भाग चुलीची राख असे मिश्रण डब्यात ठेवावे. प्रत्येक वेळी दोन ओंजळी टाकून मैला पुरता झाकावा आणि झाकण लावावे. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसाही चालतो. राख गार झालेली असावी. निखारा राहिला तर तुसाला आग लागेल. पावसाळ्यासाठी कोरडी माती उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवावी.

वास आलाच तर समजावे, की पाणी आत जाते आहे किंवा माती कमी पडते आहे. दोन घमेली राख-माती टाकून चूक शोधावी.

तान्ह्या मुलाची शी निरुपद्रवी असते असा पुष्कळ ठिकाणी समज आहे. तो खोटा आहे. तिच्यातही जुलाबाचे जंतू आणि जंतांची अंडी असतात. तीही याच खड्ड्यात टाकावी. आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुण्यात कसूर नको. म्हाताऱ्या माणसांसाठी मधोमध भोक पाडलेली जुनी खुर्ची फरशीवर ठेवली की बसणे-उठणे सोपे जाते.

खड्डा भरल्यावर

पाच माणसांच्या घराला असा खड्डा निदान दोन-अडीच महिने पुरतो. मैला आटत जातो म्हणून पुष्कळदा त्याहून जास्तही पुरेल. वीस माणसांच्या टोळीला तो दोन-तीन आठवड्यांतच भरेल. तिथे बायकांचा आणि पुरुषांचा असे निदान दोन वेगळे संडास हवेत आणि पुढचे खड्डे आधीच खणून, झाकून ठेवावेत.

वीतभर जागा उरली की थांबावे. फरशी, कडे, पाइप आणि आडोसा पुढच्या खड्ड्यावर न्यावा. जुन्या खड्ड्यात माती चोपून वर उंचवटा करावा, कारण पुढे तो खचतो. बाजूच्या दगडगोट्यांच्या खड्ड्यावरही माती ओढून घ्यावी. पावसाळ्यात मोठ्या खड्ड्यावर आंबा, पेरू, शेवगा किंवा पपईचे रोप लावावे. मुळे हळूहळू खाली जातात तोवर मैल्याची माती होत आलेली असते. खत म्हणून उकरायचेच असेल तर पुरी दोन वर्षे हात लावू नये, कारण जंतांची अंडी मातीत फार काळ तग धरतात.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जिथे जमिनीत हातभर खाली पाणी लागते, जिथे पूर येतो किंवा जिथे नुसता कातळ आहे, तिथे हा संडास करू नये. घरी पाण्याचा दोन खड्ड्यांचा संडास असेल तर तो मोडूही नये. फिरता संडास आहे तो शिवारासाठी.

काम कुणाचे?

हे सारे वाचून झाल्यावर घरात एक गोष्ट ठरवून टाका. डबा राख-मातीने भरणे, फरशी झाडणे आणि खड्डा खणणे हे काम सुनेच्या किंवा गड्याच्या गळ्यात घालू नका. पाळी लावा, आणि पहिली पाळी कारभाऱ्याने घ्यावी. ज्यांच्या शेतावर मजूर येतात त्यांनी पाणी, सावली यांच्याबरोबर संडासाचीही सोय करावी. मुकादमाशी बोलणी करताना बायांसाठी आडोसा कुठे उभारायचा, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.

फरशीला दहा दिवस लागतात, खड्ड्याला एक सकाळ. सुगीला अजून अवकाश असेल तर येत्या आठवड्यातच गवंड्याला सांगावा धाडा.