गुलू येथील शिवणशाळा

शेतकऱ्याच्या मुलीला बापाच्या जमिनींत कोणता वांटा मिळावा, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे व त्याचा निकाल घरोघर निराळा लागतो. आफ्रिकेच्या पूर्व भागांतील युगांडा देशाच्या उत्तरेस अचोली नांवाचे शेतकरी लोक राहतात. त्यांच्यांत हाच प्रश्न एका दीर्घ युद्धानंतर फार तीव्र होऊन उभा राहिला, आणि गुलू शहरांतील धर्मभगिनींच्या एका शिवणशाळेनें त्याला आपल्या परीनें एक उत्तर दिलें. तें पुरतें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि जमीन बाळगणाऱ्या वाचकांनीं तें समजून घ्यावें, इतकें महत्त्व त्यास खास आहे.

अचोली प्रदेश आपल्या शेतकऱ्यास अगदींच परका वाटणार नाहीं. तेथें नाचणी, ज्वारी, तीळ, भुईमूग व कसावा पिकतो, आणि तूर तर रोजच्या खाण्यांतली. पाऊस मार्च-एप्रिलच्या सुमारास सुरू होतो, जूनच्या आसपास थोडी उघडीप देतो व नोव्हेंबरपर्यंत पुरतो. जमीन कुळाची असते. कुळांतील पुरुष आपल्या वांट्याची जमीन कसतो, व बाई ती कसते ती नवऱ्याच्या किंवा बापाच्या नात्यानें. विवाहांत वराकडून वधूच्या घरीं गुरें अथवा पैसा जातो, त्यानंतर मुलें बापाच्या कुळाचीं होतात व मुलग्यास पुढें त्याच कुळाकडून जमीन मिळते. युगांडाच्या १९९५ च्या राज्यघटनेनें व १९९८ च्या जमीन कायद्यानें या रूढ धारणापद्धतीस मान्यता दिलेली आहे. घटनेंत स्त्रीपुरुषांस समान हक्कही आहेत. पण बांधावर कायद्यापेक्षां कुळांतील वडीलधाऱ्यांचा शब्द अधिक चालतो, हें आपल्यालाही ठाऊक आहे.

आतां ज्या मुलीचें लग्न झालें नाहीं, पण कडेवर मूल आहे, आणि त्या मुलाच्या बापाचें कूळ सांगतां येत नाहीं किंवा सांगण्याची सोय नाहीं, तिनें कोणाच्या शेतांत जावें ? शांततेच्या काळांत अशा मुली गांवांत एखाददुसरीच असतात. युद्धानें त्या हजारोंनीं निर्माण केल्या.

१९८७ च्या सुमारास जोसेफ कोनी नांवाच्या माणसानें तेथें बंडखोरांची टोळी उभी केली व तिला पुढें 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' असें देवाचें नांव दिलें. या सैन्यास स्वखुशीनें येणारे लोक पुरेनात, म्हणून तें खेड्यांतून मुलें पळवूं लागलें. मुलग्यांच्या हातीं बंदुका दिल्या. मुलींकडून ओझीं वाहविलीं, कित्येकींच्याही हातीं बंदुका दिल्या, आणि वयांत आलेल्या मुली सरदारांस 'बायका' म्हणून वांटून दिल्या. पळविलेल्या मुलांची संख्या वीस हजारांहून बरीच अधिक होती. ऑक्टोबर १९९६ मध्यें आबोके येथील सेंट मेरीज विद्यालयांतून एका रात्रींत १३९ मुली नेल्या. तेथील उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फासेरा एका शिक्षकास घेऊन बंडखोरांच्या मागोमाग रानांत गेल्या व त्यांनीं १०९ मुली सोडवून आणल्या. तीस मुली टोळीनें ठेवून घेतल्या. त्यांपैकीं कांहीं मरण पावल्या, बाकीच्या पुढें एकेक करून निसटल्या. शेवटची २००९ सालीं परतली.

युद्धाची दुसरी हानि शेतीची. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या करामोजा भागांतील टोळ्यांनीं व इतरांनीं अचोलींचीं गुरें लुटून नेलीं. ज्या घरांत बैलजोडी होती तेथें पुन्हां कुदळ आली. नंतर सरकारनें खेडीं उठवून लोकांस छावण्यांत बसविलें. युद्ध ऐन भरांत असतांना उत्तर युगांडांतील पंधरा लाखांहून अधिक माणसें छावण्यांत परक्या अन्नावर जगत होतीं. दहा-दहा वर्षें जमिनी पडून राहिल्या. बांध कोणता, हद्दीचें झाड कोणतें, हें सांगणारे म्हातारे छावणींतच वारले. ऑगस्ट २००६ मध्यें शस्त्रसंधि होऊन लोक हळूहळू गांवीं परतले, तेव्हां पहिलें भांडण जमिनीचें निघालें. ज्या घरांत चार भावांस पुरेशी जमीन उरली नव्हती, तेथें रानांतून मूल घेऊन आलेल्या बहिणीस कोण विचारणार !

अचोली लोक निर्दय आहेत असा याचा अर्थ कोणी करूं नये. परत आलेल्या माणसास घरांत घेण्याचा त्यांचा एक जुना विधि आहे. दारांत कच्चें अंडें ठेवतात. शेजारीं एका झाडाची बुळबुळीत फांदी आणि धान्याचें कोठार उघडावयाची दुबेळक्याची काठी ठेवतात. आलेल्या व्यक्तीनें अंड्यावर पाय देऊन आंत यावयाचें. ज्या कोठारांतलें पूर्वीं खाल्लें त्याच कोठाराशीं नातें पुन्हां जोडलें गेलें, असें ती काठी सांगते. हजारों मुलें-मुली या विधीनें घरांत आल्या. पण घर उघडलें म्हणून शेत उघडलें असें नाहीं. कित्येक मुलींस 'बंडखोराची बायको' हें नांव चिकटलें, व त्यांच्या मुलांस खेळांतही तोच टोमणा ऐकावा लागला.

अशा वेळीं, २००१ सालीं, सिस्टर रोझमेरी न्यिरुम्बे गुलू येथील सेंट मोनिका शिवणशाळेच्या प्रमुख म्हणून आल्या. त्यांचा जन्म १९५६ चा, युगांडाच्या पश्चिम नाईल भागांतील पाइधा येथील. पंधराव्या वर्षीं त्या येशूच्या पवित्र हृदयाच्या भगिनीसंघांत गेल्या व सुईणीचें शिक्षण घेऊन रुग्णसेवा करूं लागल्या. शाळा १९८० नंतरच्या दशकांतली; पण युद्धामुळें तिची रया गेली होती व मुली मोजक्याच उरल्या होत्या. त्यांतील कांहीं अभ्यासांत फार मागें पडत आहेत व कोणाशीं बोलत नाहींत, असें सिस्टरांच्या ध्यानीं आलें. चौकशी करतां कळलें कीं, या मुलींचीं शाळेचीं वर्षें बंडखोरांच्या कैदेंत गेलीं होतीं. तेव्हां त्यांनीं पुस्तकी परीक्षेचा आग्रह सोडून हाताच्या कामावर भर दिला, आणि रेडिओवरून जाहीर केलें कीं, कैदेंतून सुटलेल्या मुलींनीं यावें, गरोदर असल्या तरी यावें, मूल असल्यास तें घेऊन यावें.

हें शेवटचें वाक्य सर्वांत मोलाचें होय. मूल दूर ठेवून ये, असें कोणत्याही वसतिगृहानें सांगितलें असतें, व त्या आल्या नसत्या. येथें आवारांतच मुलांसाठीं बालगृह चालविलें. आई शिवणयंत्रावर बसली कीं मूल तेथें खेळे. पूर्वायुष्याचा जबाब कोणी मागत नसे. ज्या मुलीस बोलावेंसें वाटे ती आपण होऊन बोले.

शिकविलें तें मुख्यतः शिवण व स्वयंपाकाचा धंदा. हीं कामें क्षुल्लक म्हणणारांनीं खेड्याचा विचार करावा. पायानें चालणाऱ्या यंत्रास वीज लागत नाहीं. तें बाजाराच्या दिवशीं झाडाखालीं मांडतां येतें, आणि मूल मांडीशीं ठेवून चालवितां येतें. माप घेणें, कागदावर आंखणें, कापड वांयां न घालवितां बेतणें यांत हिशेबही आपोआप येतो. पुढें शीतपेयांच्या डब्यांच्या धातूच्या कड्या दोऱ्यानें गुंफून पिशव्या करण्याचें कामही त्यांनीं काढलें व तो माल अमेरिकेपर्यंत खपला. दोन हजारांहून अधिक मुली येथून शिकून गेल्या असें सांगतात. २०१४ सालीं 'टाइम' साप्ताहिकानें सिस्टरांचें नांव जगांतील शंभर प्रभावी व्यक्तींत घातलें.

धर्मसंस्थेनें हें काम केलें यांत एक मर्म आहे. ज्या समाजांत बाईची ओळख नवऱ्यावरून व मुलांवरून ठरते, तेथें धर्मभगिनी ही मुळांतच त्या व्यवस्थेबाहेर उभी असलेली बाई. तिला ना कूळ वाढवावयाचें, ना जमीन मागावयाची. म्हणून कोणत्याही कुळाच्या मुलीस ती निःशंकपणें जवळ करूं शकते. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत निराधार मुली आणून केडगांवीं वसविल्या व त्यांस शेती, विणकाम, छपाई शिकविली, तेव्हांही असाच प्रकार होता. धर्मांतराविषयीं आपल्याकडे त्या कामावर जी टीका झाली, तिची पुनरावृत्ति अचोलींत व्हावयास फारसें कारण नव्हतें. कारण त्यांच्यांतील बहुतेक कुटुंबें आधींच ख्रिस्ती होतीं.

आतां उणी बाजू. युगांडाच्या बाजारांत परदेशांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे फुटतात, व तो माल नव्या कापडाच्या शिलाईहून स्वस्त पडतो. एकाच गांवीं पांच शिंपिणी झाल्या कीं पांचींचेंही पोट अर्धें राहतें. यंत्र विकत घेण्याइतका पैसा प्रथम कोठून आणावा, हीही अडचण आहेच. शिवाय शिवणानें आईचें पोट चाललें, तरी उद्यां मोठ्या होणाऱ्या मुलाच्या जमिनीचें काय ? मुलगा असेल तर मामा त्यास भाचा म्हणून किती दिवस कसूं देतील ? हा प्रश्न शिवणशाळेच्या भिंतींत सुटणारा नाहीं. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानें २०२१ सालीं या टोळीचा एक सरदार डॉमिनिक ओंग्वेन यास बळजबरीचा विवाह व बळजबरीचें गर्भारपण या गुन्ह्यांबद्दलही दोषी ठरविलें व पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. अन्यायास नांव मिळालें हें खरें. जमीन मात्र गावच्या बैठकींतच मिळावयाची, आणि तेथें बसणारे आपल्यासारखेच जमीनवाले बाप व भाऊ असतात.

तरी एक गोष्ट शेतकऱ्याच्या नजरेनें पाहण्यासारखी आहे. जुने कपडे कितीही स्वस्त असले तरी शाळेचा गणवेश त्या गठ्ठ्यांत मिळत नाहीं. तो शाळेच्या रंगाचा, मुलाच्या मापाचा शिवूनच घ्यावा लागतो. युगांडांत शाळेचें वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतें, म्हणून शिंपिणीच्या हातीं पैसा येतो तो जानेवारी-फेब्रुवारींत. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत पहिला पाऊस येतो. उत्तर युगांडांत एका हंगामापुरती जमीन भाड्यानें घेण्याची चाल आहे. ज्या बाईस बापाच्या कुळानें तास दिला नाहीं, तिला या पैशांतून एखादा तुकडा व भुईमुगाचें बीं वेळेवर घेतां येतें. आणि भाडें चुकतें केलेल्या शेतांत तिच्या मुलाचें कूळ कोणतें, असें त्या हंगामापुरतें तरी कोणी विचारीत नाहीं.