मोटारीतला नवा दिवा

रात्री मोटारीचे दार उघडले की छताखालचा एक पिवळट दिवा लागतो. आमच्या जुन्या गाडीतल्या त्या दिव्याच्या उजेडात खाली पडलेली किल्लीसुद्धा दिसत नसे. म्हणून बाजारातून एलईडीची मीटरभर पट्टी आणली आणि मी स्वतःच ती बसवली. महिनाभर लख्ख उजेड पडला. मग पट्टीतले तीन-तीन दिवे एकदम विझू लागले. पट्टीवर '१२ व्होल्ट' असे छापलेले होते आणि बॅटरीही १२ व्होल्टची होती. मग बिघडले कोठे?

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात खरी, पण पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू झाले की तिला भरण्यासाठी आल्टर्नेटर हा दाब जवळजवळ १४.४ व्होल्टपर्यंत नेतो. दोन-अडीच व्होल्टचा तर फरक, असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हणालो होतो. आता गणित करून पाहू.

पट्टीत तीन एलईडी आणि एक रोधक असे एकसर जोडलेले गट असतात. त्यामुळे एक बिघडला की तिघेही विझतात. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३.१ व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना ९.३. एलईडी आपला दाब फारसा बदलू देत नाही. उरलेला सगळा रोधकावर पडतो. माझ्या पट्टीतला रोधक १५० ओहमचा होता. १२ व्होल्टला रोधकावर २.७ व्होल्ट पडतात आणि प्रवाह १८ मिलिअँपिअर होतो. १४.४ व्होल्टला मात्र ५.१ व्होल्ट पडतात आणि प्रवाह ३४ मिलिअँपिअर! दाब वाढला विसांश टक्क्यांत मोजावा इतका नव्हे, नेमका २० टक्के. प्रवाह मात्र जवळजवळ दुप्पट झाला. रोधकातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती साडेतीन पटींवर गेली. उन्हात तापलेल्या छताखाली पट्टी टिकणार कशी?

उपाय सोपा आहे. माझ्या पट्टीत असे २० गट होते, म्हणजे एकूण प्रवाह ०.३६ अँपिअर. जादा २.४ व्होल्ट खाण्यासाठी ६.८ ओहमचा, निदान २ वॉटचा रोधक पट्टीच्या तारेत एकसर जोडला. तो कोमट होतो, म्हणून कापडाला किंवा प्लॅस्टिकला चिकटवू नये.

आता खऱ्या धोक्याकडे वळू. पुष्कळ लोक बॅटरीपासून थेट तार ओढतात. समजा, तांब्याची ०.५ चौरस मिलिमीटर जाडीची २ मीटर तार पत्र्याच्या कडेला घासून सोलली आणि पत्र्याला टेकली. तिचा रोध जेमतेम ०.०७ ओहम. बॅटरीचा अंतर्गत रोध धरूनही दीडशे अँपिअर प्रवाह वाहील आणि तारेत सुमारे दीड हजार वॉट उष्णता निर्माण होईल. पाणी तापवायच्या रॉडइतकी! पण रॉडभोवती बादलीभर पाणी असते. या तारेत तांबे अवघे ९ ग्रॅम. पहिल्या सेकंदातच तिचे तापमान काही शे अंशांनी चढते आणि वरचे आवरण पेट घेऊ शकते.

म्हणून फ्यूज हवा. तो दिव्यासाठी नसून तारेसाठी असतो, हे ध्यानात ठेवा. तेव्हा त्याची जागा तारेच्या सुरुवातीला, जेथून वीज घेतली तेथे. पट्टीच्या टोकाला बसवलेला फ्यूज मधली तार वाचवीत नाही. वीज छतावरच्या मूळ दिव्याच्या दोन टोकांवरून घेणे उत्तम, कारण मग दार लावताच पट्टीही विझते. त्या वाटेवर कारखान्याचा फ्यूज असतो, पण तो जाड तारेच्या हिशेबाने बसवलेला; आपल्या बारीक तारेसाठी १ अँपिअरचा वेगळा लावावा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा नाना पेठेत फ्यूजची डबी सहज मिळते.

काम सुरू करण्यापूर्वी गाडीच्या मालकाची, म्हणजे बहुधा आईबाबांची, परवानगी घ्या आणि जाणत्या माणसाला शेजारी उभे करा. आधी बॅटरीची ऋण तार सोडवा. गाडीचा सगळा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. प्रथम धन टोक सोडवू गेलात आणि पाना पत्र्याला लागला, तर वर सांगितलेला प्रकार तुमच्या हातातच घडेल! नव्या गाड्यांत छताच्या कडेला आणि काचेलगतच्या खांबांत एअरबॅग दडलेल्या असतात. त्यांच्या तारांची जोडणी बहुधा पिवळी असते. तेथे आपण तार घालू नये. ते काम जाणकार मेकॅनिकचे.

एलईडीला दिशा असते. बल्ब कसाही जोडा, लागतो; पट्टी उलटी जोडली तर लागत नाही. तारांची अदलाबदल केली की झाले.

पट्टी बसल्यावर आम्ही कात्रजच्या घाटात गेलो. मागे बसलेल्या भाच्याने दिवा लावला मात्र, समोरच्या काचेत आमचेच चेहरे दिसू लागले आणि वळण दिसेनासे झाले. काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. तो सराव उजेडाने क्षणात मोडतो. घरी आल्यावर पट्टीला एक वेगळे बटण बसवले, चालकाच्या हाताशी.