नाव नसलेला माणूस

गेल्या महिन्यात आम्ही दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या, दोन्ही इंग्रजी अनुवादात. पहिली आल्बेर काम्यूची ‘द आउटसायडर’, १९४२ सालची. दुसरी ‘द मरसो इन्व्हेस्टिगेशन’. अल्जिरियाच्या कामेल दाऊद यांनी २०१३ मध्ये काम्यूला दिलेलं हे उत्तर.

काम्यूचा मरसो समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळी घालतो, मग आणखी चार. खटल्यात चर्चा कशाची, तर हा आईच्या अंत्यविधीला रडला का नाही! आम्ही हे पुस्तक वर्षानुवर्षं शिकवलं. जगण्याची निरर्थकता, माणसाचं परकेपण, सगळं फळ्यावर मांडलं. पण मेलेल्या माणसाला पुस्तकभर नावच नाही, हे काही आमच्या ध्यानात आलं नाही. मुलांनीही विचारलं नाही. कसं विचारतील? वाचायचं कसं, हे आम्हीच शिकवत होतो ना!

दाऊद यांचा निवेदक हारून हा त्या मृताचा धाकटा भाऊ. भावाचं नाव मूसा होतं, हे तो सांगतो.

आता स्पष्ट मत. कादंबरी म्हणून काम्यूचीच सरस. एक वाक्य जास्तीचं नाही. हारून बारमध्ये बसून तेच तेच फार बोलतो. पण अल्जिरिया स्वतंत्र होताना तोही एका फ्रेंच माणसाला मारतो, आणि अधिकारी विचारतो काय, तर हे स्वातंत्र्याआधी का नाही केलंस? म्हणजे इथेही मेलेल्याचं कुणाला काही नाही. तिथे आम्ही थबकलो.

तेव्हा पुस्तक सरस कुठलं, ते सांगितलं. पण आमचं वाचन सुधारलं, ते दुसऱ्यानं.