परवान्यातील मराठी आणि रेडिओवरील गाणे

खासगी रेडिओला सरकारने मराठी गाण्यांचा कोटा ठरवून दिला आहे आणि वाहिन्या तो बिनदिक्कत मोडतात, ही समजूत इतकी रूढ झाली आहे, की परवान्याची अट मुळात काय आहे हे वाचून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने २०११ साली जे धोरण जाहीर केले, त्यात दिवसाच्या एकूण प्रक्षेपणापैकी किमान २० टक्के भाग त्या शहराच्या स्थानिक भाषेत असावा आणि स्थानिक आशयाला उत्तेजन मिळावे, एवढीच तरतूद आहे. गाण्यांची संख्या तीत नाही आणि दिवसातील कोणत्या प्रहरी हा वाटा पुरा करावा याचाही निर्देश नाही. चोवीस तासांचे २० टक्के म्हणजे ४ तास ४८ मिनिटे. निवेदकाने मराठीत शुभेच्छा द्याव्यात, पावसापाण्याची खबर सांगावी, श्रोत्याशी दोन शब्द बोलावे, आणि मधल्या साऱ्या वेळात हिंदी चित्रपटगीते वाजवावीत, तरी ते बोलणे भाषेच्या हिशेबात जमा धरता येते; उरलेली भरपाई मध्यरात्रीनंतर करण्यासही मज्जाव नाही. सबब, मराठी गाणे न ऐकवणारी वाहिनी नियम मोडतेच असे नव्हे, आणि माझ्या मते खरी चिंतेची बाब हीच आहे.

ज्या देशांनी खरोखरीच गाण्यांचा कोटा बांधला, त्यांनी या दोन्ही फटी विचारपूर्वक बुजविल्या आहेत. कॅनडात १९७१ पासून ही पद्धत चालू असून, आज तेथील व्यापारी केंद्रांना लोकप्रिय संगीतात ३५ टक्के कॅनडियन गीते द्यावी लागतात, आणि हे प्रमाण सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते सायंकाळी ६ या वेळेतही स्वतंत्रपणे राखावे लागते. फ्रान्सने १९९४ साली कायदा करून १९९६ पासून ४० टक्के फ्रेंच भाषेतील गीतांची सक्ती केली, त्यातील निम्मा वाटा नव्या कलावंतांना वा नव्या निर्मितीला राखून ठेवला, आणि ही सारी मोजणी श्रोते जागे असतात त्या वेळेशी जोडली.

यावर कोणी म्हणेल, की कलावंत आपल्या देशाचा असला म्हणजे गीत आपोआप देशी ठरत असेल; तेही खरे नाही. कॅनडात संगीत, गायक, ध्वनिमुद्रणाचे स्थळ आणि शब्द या चार कसोट्यांपैकी दोन पुऱ्या व्हाव्या लागतात. ब्रायन ॲडम्स हा त्या देशाचा विख्यात गायक, परंतु १९९१ सालच्या त्याच्या ‘वेकिंग अप द नेबर्स’ या संग्रहातील गीतांची रचना त्याने परदेशी सहकाऱ्याबरोबर केल्यामुळे ती कोट्यात बसली नाहीत. मोठा वाद माजला आणि १९९३ साली नियमच दुरुस्त करावा लागला.

कोटा म्हणजे सरकारी बंदीचेच दुसरे रूप, हा समज आपल्याकडे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीने दृढ केला. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेल्या केसकरांनी चित्रपटसंगीताचे प्रमाण १० टक्क्यांवर आणू पाहिले, निर्मात्यांनी हक्क काढून घेतले, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले; १९५७च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली, ती या अनुभवानंतर. केसकरांची शास्त्रीय संगीतावरील निष्ठा निःसंशय थोर होती, पण त्यांनी घातली ती कमाल मर्यादा होती. कोटा हा किमान वाटा असतो. तो कोणाचे गाणे बंद करीत नाही, दुसऱ्या कोणाला तरी जागा देतो.

आता आमच्या बीडचे पाहा. बीडकरांना आकाशवाणीचे केंद्र १०२.९ मेगाहर्ट्झवर ऐकू येते, परंतु ते प्रसार भारतीचे. खासगी परवान्याच्या अटी त्याला लागू नाहीत. सामुदायिक रेडिओचे नियमही निराळे: त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तेथील निदान निम्मा आशय स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावा लागतो आणि बोलीला प्राधान्य द्यावे लागते. व्यापारी वाहिनीला मात्र मुंबईत मुद्रित झालेले मराठी चित्रपटगीत आणि आमच्या बीड जिल्ह्यातील माजलगावचे गाणे भाषेच्या मापात सारखेच. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या ओवी-संकलनाच्या प्रकल्पाने बायकांच्या कंठातून बाबासाहेबांवरील जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या. चाल, कंठ, जागा आणि शब्द, चारही गोष्टी या मातीतल्या. कॅनडासारखी कसोटी येथे असती तर त्या ओव्यांना पैकीच्या पैकी गुण पडते. पण ना त्यांच्यामागे कंपनी, ना त्यांच्याकडून वाहिनीला जाहिरातीची आमदनी; सध्याच्या अटीत त्यांची दखल घेण्याचे बंधन कोणावरही नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत लातूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), उदगीर, बार्शी ही आमच्या शेजारची शहरे आहेत. तेथील परवान्यांत निवेदनाचा वेळ वगळून गाण्यांचे प्रमाण ठरावे, ते सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मोजले जावे, आणि त्यातील काही हिस्सा त्याच विभागात मुद्रित झालेल्या गायनाला मिळावा, अशी स्पष्ट मागणी मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनी आणि साहित्यसंस्थांनी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे लेखी केली पाहिजे.