ओळखीच्या गावची कादंबरी

प्रवासात आपल्या गावचा माणूस भेटला, म्हणजे गावात असताना ज्याच्याशी वर्षातून दोन शब्दही बोलणे होत नाही, त्याच्यापुढेही आपण आपली शिदोरी सोडतो. कादंबरीत आपले गाव भेटले म्हणजे वाचकाचे नेमके असेच होते. जो रस्ता आपण उभ्या जन्मात निरखून पाहिला नाही, त्याचे नाव छापलेले दिसताच आपण पुस्तकात बोट घालून उठतो आणि घरातल्या चारचौघांस ते वाचून दाखवितो. हा आनंद पोरकट आहे काय? चाळीस वर्षे मुलांस मराठी व संस्कृत शिकविण्यात घालविल्यावर आता निवृत्तीच्या निवांतपणी प्रस्तुत लेखकास हा प्रश्न पडला आहे, आणि त्याचे जे उत्तर सापडले ते वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

आम्हां परभणीकरांस हा आनंद फार उशिरा लाभला. माझ्या लहानपणी तालुक्याच्या वाचनालयातून जी पुस्तके घरी येत, त्यांत पुणे असे, मुंबई असे. फार तर कोकणातले एखादे खेडे असे. लकडी पूल आणि सदाशिव पेठ यांची मला न पाहताच इतकी ओळख झाली होती की, पुढे पहिल्यांदा पुण्यास गेलो तेव्हा वाट विचारण्याची लाज वाटली. उलट आमचे काळ्या जमिनीतले गाव, मातीचे माळवद, वाड्याच्या तोंडाशी असलेली ढाळज, भिंतीच्या पोटात धान्य साठविण्याचे बळद, हे कोठेही छापलेले आढळत नसे. पुस्तकातल्या घरांवर कौले असत. तेव्हा माळवदाच्या घरात राहणाऱ्या माणसांवर पुस्तके लिहीत नसावेत, अशी माझी बालबुद्धीची समजूत झाली होती; आणि खरे सांगावयाचे तर त्या समजुतीत थोडा उणेपणाही होता.

पण दोष केवळ आमच्याच नशिबाचा नव्हे. मराठी कादंबरीसच पाय टेकावयास भूमी सापडण्यास वेळ लागला. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले, त्यात विधवांच्या खऱ्याखुऱ्या हालांची कहाणी होती. त्यानंतर मात्र ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा अद्भुत कथांचा काळ आला. त्यांतली राजधानी नकाशावर कोठे शोधावी हे ब्रह्मदेवासही सांगता आले नसते. ‘करमणूक’ पत्र १८९० साली सुरू झाले आणि हरी नारायण आपट्यांनी त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापण्यास प्रारंभ केला, तेव्हा कोठे मराठी कादंबरी राजवाड्यातून उतरून माजघरात आली. पुढे श्री. ना. पेंडशांनी १९५२ साली ‘गारंबीचा बापू’ लिहून दापोलीकडचा मुलूख दाखविला, व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली ‘बनगरवाडी’त माणदेश उभा केला आणि उद्धव शेळक्यांनी १९६० साली ‘धग’ लिहून वऱ्हाडचे दुःख वऱ्हाडच्याच बोलीत सांगितले.

मराठवाड्याची गोष्ट आणखी निराळी. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठही उर्दूतून शिकविणारे. जिल्ह्याच्या कलेक्टरास अव्वल तालुकदार म्हणावयाचे. मराठी ही घरात आणि देवळात बोलावयाची. मराठी पुस्तक बहुधा सरहद्दीपलीकडून यावयाचे. अशा स्थितीत आपल्या मुलुखावर मराठीत कादंबरी लिहावी, असे वाटणे हेच एक धाडस होते.

ते धाडस ज्यांनी केले, त्यांत भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजेच बी. रघुनाथ, यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९१३ साली सातोना येथे झाला. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९८१ साली जालना जिल्हा निर्माण झाला, तेव्हा परतूर तालुक्याबरोबर ते तिकडे गेले. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी धरली, आणि आयुष्याची पुष्कळ वर्षे परभणीत काढली. दिवसा कचेरीतले कागद आणि उरल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या. ‘ओ’ ही त्यांची कादंबरी १९३६ सालची, ‘जगाला कळले पाहिजे’ ही १९४९ सालची. १९५३ च्या सप्टेंबरात, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते वारले, आणि ‘आडगावचे चौधरी’ हे पुस्तक त्यांच्या पश्चात १९५४ साली प्रसिद्ध झाले. कारकुनी करून मिळालेल्या रात्रींतून या गृहस्थाने एका दुर्लक्षित प्रांतास पुस्तकात जागा करून दिली. परभणीत आज त्यांच्या नावाचे सभागृह आहे, ते योग्यच होय.

‘आडगावचे चौधरी’ आमच्या घरी आले, तेव्हाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. आडगाव नावाची गावे आमच्या भागात एकाहून अधिक आहेत, आणि जमीनदार घराण्याची गोष्ट म्हटली की प्रत्येक गावच्या वाड्यास ती आपली वाटावयाची. आमच्या थोरल्या काकांनी पहिली काही पाने वाचली आणि पुस्तक माळ्यावर टाकून दिले. “हे घरात नको. आपल्यावरच लिहिलेलं दिसतंय,” एवढेच ते म्हणाले. लेखकाने आमच्या घराचे नावही ऐकले नसेल, हे उघड होते. पण कुळकायद्यात आमची जमीन गेली होती, बैठकीवरची माणसे कमी झाली होती, आणि काकांस त्या पानांत आपलाच आरसा दिसला होता. मी ते पुस्तक माळ्यावरून काढून उन्हाळ्याच्या पहाटे माळवदावर चोरून वाचले. माझ्या आनंदास पारावार राहिला नाही! आमच्याकडची माणसे, त्यांचा डौल आणि त्यांची ओढगस्त ही सर्व छापील अक्षरांत आहेत, एवढेच मला पुरे होते. काकांस दुःख का झाले असावे, याचा विचार त्या वयात मला शिवलाही नाही.

आता येथे आमच्या संस्कृत शास्त्रकारांचा एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अभिनवगुप्ताचार्यांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले पहिले असे की, जे दाखविले जात आहे ते संभवनीयच वाटत नसेल, तर मन त्यात स्थिर होत नाही. दुसरे असे की, हे सुखदुःख माझेच अथवा अमक्याचेच, याच ठिकाणचे व याच काळचे, असा आग्रह मनात शिरला, तर रसभंग होतो; कारण तेथे आस्वाद संपतो आणि स्वार्थ सुरू होतो. ओळखीच्या गावची कादंबरी पहिले विघ्न सहज दूर करते. आपला ओढा, आपला बाजार, आपले स्टेशन दिसले की पुढचे सर्व खरे वाटू लागते. परंतु त्याच पावलाने ती दुसरे विघ्न दाराशी आणून उभे करते. काकांनी पुस्तक माळ्यावर टाकले आणि मी ते छातीशी धरले. पण दोघेही कादंबरी वाचत नव्हतो, दोघेही आपापले घर वाचीत होतो. मग ओळखीचा हा आनंद रसाच्या पंक्तीस बसण्यास अपात्रच म्हणावयाचा काय?

पुष्कळ वर्षे मी तसेच मानीत होतो. वर्गात मुलांसही तसेच सांगितले असेन. पण माझ्याच घरात घडलेली दुसरी एक गोष्ट त्याविरुद्ध साक्ष देते, आणि ती इतके दिवस माझ्या ध्यानात कशी आली नाही, याचे आज मला नवल वाटते.

गोष्ट १९७४ च्या उन्हाळ्यातली. मी तेरा वर्षांचा होतो. दुपारी घरातल्या बायका ओसरीवर काही ना काही निवडीत बसत आणि मी त्यांस पुस्तक वाचून दाखवी. त्या वर्षी हरिभाऊंचे ‘पण लक्षात कोण घेतो?’ हाती आले होते. आमच्या आजोबांची थोरली बहीण तेव्हा हयात होती. तिला आम्ही आत्याआजी म्हणत असू. नवव्या वर्षी तिला वैधव्य आले, आणि चार वर्षांनी गंगाखेडास गोदेच्या काठी तिचे केशवपन झाले, हे मला फार पुढे कळले. आम्हां मुलांस ती ठाऊक होती ती केवळ लाल आलवणातली, मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून वाती वळणारी आजी म्हणून. ती खोली अंधारी. माळवदास प्रकाशासाठी जे साणे ठेवलेले, तेवढाच काय तो तेथला उजेड. बायकांच्या घोळक्यात ती कधी बसत नसे. वाचन तिच्या कानी पडत होते की नाही, याकडे कोणाचे लक्षही नव्हते.

यमुनेच्या केशवपनाचा भाग आला. मी आपला शाळेतल्यासारखा खणखणीत आवाजात वाचीत होतो. एकाएकी उंबऱ्याकडून आवाज आला, “ती पुण्याची, मी इथली. माजघर मात्र तेच की रे!”

ओसरी स्तब्ध झाली. माझ्या आईने डोळ्यांनी खूण केली, तशी मी पुस्तक मिटले. कोणी पाणी आणावयास गेले, कोणी सुपातले निवडलेलेच पुन्हा निवडू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुसरेच पुस्तक उघडीत होतो, तोच आत्याआजी आपला वातींचा करंडा घेऊन उंबरा ओलांडून ओसरीवर आली, खांबाशी बसली आणि म्हणाली, “कालचंच काढ. तिचं पुढं काय झालं, ते वाच.” त्यानंतर पुस्तक संपेपर्यंत ती रोज ओसरीवर बसली. पुढेही, आणखी सहा वर्षे, म्हणजे तिच्या अखेरपर्यंत, ती दुपारी त्याच खांबाशी बसत असे.

वास्तविक हरिभाऊंच्या कादंबरीत आमच्या जिल्ह्याचे नावही नाही. कौलांचे घर, दूरचे शहर, ऐंशी वर्षांपूर्वीचा काळ. परंतु आत्याआजीस जे ओळखीचे वाटले ते पेठेचे नाव नव्हते. तिला गाव असे नव्हतेच. वाड्याच्या पुढच्या भागात, बाजारात, स्टेशनावर पुरुष वावरत. तिचे गाव म्हणजे ते माजघर आणि ती मागची खोली. ते तिला पुस्तकात सापडले. आणि सापडल्यावर तिने काय विचारले? ‘माझे असे का झाले’ हे विचारले नाही. ‘तिचे पुढे काय झाले’ हे विचारले. साठ वर्षे जे दुःख केवळ आपले म्हणून अंधारात जपले, ते दुसरीचेही आहे, हे कळताच ती उंबरा ओलांडून आली. शास्त्रकार ज्यास साधारणीकरण म्हणतात, ते याहून निराळे काय असणार? ओळखीची जागा येथे विघ्न झाली नाही, दार झाली.

भवभूतीस हे पक्के ठाऊक होते. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच वनवासाची चित्रे पाहतात. जनस्थान आणि गोदावरीचा तो परिसर, म्हणजे आमच्या जिल्ह्यातून वाहणारीच नदी, त्यांस चित्रांत दिसते. जेथे इतके सोसले, तेथली चित्रे पाहून सीतेस पुन्हा त्या वनात जाण्याची इच्छा होते. ओळखीची जागा चित्रात दिसली म्हणजे तेथले दुःखही सहन करण्याजोगे, किंबहुना पुन्हा भेटावेसे होते, हे त्या प्रसंगाचे मर्म मी वर्गात अनेक वेळा समजावून दिले आहे. पण ओसरीवरच्या खांबाशी ते मी प्रत्यक्ष पाहिले होते, याचे भान मला त्या वेळी नव्हते.

म्हणून आज माझे उत्तर असे आहे. कादंबरीत आपल्या गावचे नाव दिसल्याने होणारा हर्ष हा या आनंदाचा आरंभ होय, फल नव्हे. तेथेच थांबणारा वाचक ‘हा अमका, ती तमकी’ असे बोट दाखवीत बसतो, किंवा आमच्या काकांप्रमाणे पुस्तक माळ्यावर टाकतो. जो पुढे वाचतो, त्यास आपल्याच घरातली न पाहिलेली खोली दिसते. आर. के. नारायण यांनी जे मालगुडी कल्पिले, ते कोणत्याही नकाशावर नाही; तरीही असंख्य वाचकांस ते आपल्या शेजारचे वाटते, ते याच कारणाने.

आता आमच्या भागास लेखकांची वाण राहिलेली नाही. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहास २०१६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि आमच्या शेताशिवारांतली माणसे देशभर वाचली जाऊ लागली. माळवदाच्या घरावर कोणी लिहीत नाही, असे आज कोणत्या मुलास वाटावयास नको. माळवदेच आता थोडी उरली आहेत, हा भाग निराळा. आमच्या मागच्या खोलीवर सिमेंटचे छत पडले असून तेथे गव्हाच्या कोठ्या आहेत. गेल्या दिवाळीस पुण्याहून आलेल्या नातीने ती खोली कोणाची म्हणून विचारले. मी तिला उंबऱ्याशी बसविले आणि हरिभाऊंचे पुस्तक हाती दिले.

ज्या घरांतून अद्याप चार पिढ्या एकत्र नांदतात, निदान सणावारास एकत्र येतात, त्यांस एवढेच सुचवावेसे वाटते की, आपल्या मुलुखाची एखादी कादंबरी दुपारी मोठ्याने वाचावी, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीस जवळ बोलावून वाचावी. वाचता वाचता कोणी ‘हे आपलेच’ म्हणाले, तर मात्र पुस्तक मिटू नये. पुढे वाचावे.