ओट्यावरील छाया : कपाटाखालच्या दिव्यांचा विचार

स्वयंपाकघरातील प्रकाशाचा प्रश्न बहुधा दिव्याच्या तेजाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. अंधारल्यासारखे वाटले की अधिक वॅटचा दिवा लावावा, हा सर्वांच्या परिचयाचा उपाय होय. वस्तुतः ओट्याच्या बाबतीत हा प्रश्न तेजाचा नसून स्थानाचा आहे. छताच्या मध्यावरील दिवा आणि भिंतीलगतचा ओटा ह्यांच्या मध्ये काम करणारी व्यक्ती दिव्याकडे पाठ करून उभी असते; साहजिकच तिची छाया नेमकी सुरीवर, पोळपाटावर आणि निवडावयाच्या तांदळाच्या ताटावर पडते. दिवा दुप्पट तेजस्वी केला तरी ही छाया होती तेथेच राहते.

नवी मुंबईतील घरांचा विचार ह्या दृष्टीने उद्बोधक ठरावा. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे वाशी, नेरूळ, बेलापूर अशा वसाहती क्रमाने उभ्या राहिल्या. जुन्या बांधणीच्या अनेक सदनिकांत ओटा कडाप्पाचा, त्यावरच्या भिंतीला फार तर भांड्यांची मांडणी, आणि तिच्याही वर नळीचा दिवा, अशी व्यवस्था असे. ती देखणी नसेल. परंतु प्रकाश काम करणाऱ्याच्या समोरून येत असे. पुढे भिंतभर बंद कपाटे आली. त्यांनी दिव्याची जागा तर घेतलीच, शिवाय फूटभर खोल असलेल्या ह्या कपाटांची स्वतःची छाया ओट्याच्या मागच्या भागावर पडू लागली. खिडकी असते, पण ती पुष्कळदा कपडे वाळत घातलेल्या बाल्कनीत उघडते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणजे कपाटाखालचा दिवा ही चैन नसून कपाटाने निर्माण केलेल्या दोषाचे ते निवारण आहे. दिवाणखान्याच्या खोट्या छतात दहा-बारा दिवे बसविणारे कुटुंब ओट्यासाठी मात्र एकाच दिव्यावर समाधान मानते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

स्थानाचे महत्त्व थोड्या गणिताने स्पष्ट होईल. ९०० ल्युमेनचा एक दिवा जमिनीपासून २.७ मीटर उंचीवर आहे, ओटा ०.८५ मीटर उंच आहे आणि दिव्यापासून ओट्याचे आडवे अंतर १.२ मीटर आहे, असे समजू. दिव्याचा प्रकाश सर्व दिशांस सारखा पसरतो असे धरल्यास, व्यस्त वर्गाच्या नियमानुसार ओट्यावर सरळ येणारा प्रकाश सुमारे १२ लक्स भरतो. पांढऱ्या भिंती व छत ह्यांच्या परावर्तनाने त्यात बरीच भर पडते हे खरे; तथापि सरळ येणारा हा अंश तर उभ्या व्यक्तीच्या देहानेच अडविला जातो. आता कपाटाच्या तळाशी मीटरला ५ वॅटची एलईडी पट्टी लावू. वॅटला ८० ल्युमेन धरले तर मीटरमागे ४०० ल्युमेन मिळतात. त्यांतील निम्मेच ओट्यावर पोहोचले असे मानले, आणि ओट्याची रुंदी ०.६ मीटर घेतली, तरी ३३० लक्सच्या आसपास प्रकाश मिळतो. चिरणे, निवडणे अशा कामांस सुमारे ३०० लक्स पुरेसे समजतात. घरात वृद्ध असतील तर अधिक हवेत. कारण वयपरत्वे बाहुली लहान होते, नेत्रमणी पिवळसर पडतो, आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतील माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. तांदळातला खडा सुनेला दिसतो आणि सासूबाईंना दिसत नाही, ह्यात लक्ष नसण्याचा भाग फार थोडा असतो.

हा विचार सर्वस्वी नवा नाही. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की ह्या वास्तुविशारद स्त्रीने फ्रँकफुर्टच्या गृहयोजनेसाठी जे छोटे स्वयंपाकघर आखले, त्यात छतावरील दिवा रुळावरून सरकविता येत असे. दिव्याने कामाच्या जागी जावे, हे सूत्र तेथे मान्य झालेले दिसते. आज दिवे स्वस्त असल्याने ते सरकविण्याचे कारण उरलेले नाही.

दिव्याच्या निवडीत वॅटपेक्षा वर्णदर्शनांकाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. बाजारातील सामान्य एलईडीचा हा अंक ८० च्या आसपास असतो. परंतु तो ठरविताना जे आठ रंग तपासतात ते सौम्य असतात, गडद लाल रंग त्यांत नसतो. त्यासाठी आर-९ हे निराळे माप आहे आणि स्वस्त पट्ट्यांत ते फार कमी असते. दिवाळे, सारसोळे अशा कोळीवाड्यांच्या ह्या परिसरात ही बाब केवळ शास्त्रीय नव्हे. मासळीचा ताजेपणा कल्ल्यांच्या लालीवरून पारखतात. निकृष्ट प्रकाशात ती लाली मातकट दिसते. म्हणून ९० किंवा त्याहून अधिक अंकाची पट्टी घ्यावी. वर्णतापमान ४००० केल्विनच्या सुमाराचे असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; ६५०० केल्विनचा निळसर प्रकाश अधिक तेजस्वी वाटतो, पण हळदीचा रंग त्यात फिका पडतो.

बसविण्याची जागा कपाटाच्या पुढच्या कडेजवळ असावी. मागे, भिंतीशी लावलेला दिवा टाइल उजळतो आणि कापण्याची जागा मंद राहते. पुढच्या कडेला तीन-चार सेंटिमीटरची आडपट्टी असल्यास दिवा डोळ्यांत येत नाही. ओटा चकचकीत काळ्या ग्रॅनाइटचा असला तर तो आरशासारखा वागतो व पट्टीचा एकेक ठिपका त्यात दिसू लागतो. तेव्हा दुधी आच्छादन असलेली ॲल्युमिनियमची पन्हळी वापरावी. ती उष्णताही वाहून नेते. प्रतिबिंब टाळण्यासाठी दिवा भिंतीकडे फार वळवू नये, अन्यथा ओट्याची पुढची बाजू पुन्हा अंधारात जाईल.

खाडीकाठची दमट, खारी हवा, फोडणीचा धूर आणि वाफ हे पट्टीचे खरे शत्रू होत. सिलिकोनचे आवरण असलेली पट्टी घ्यावी. चिकटपट्टीवर विसंबू नये. तेलकट सनमायक्यावरून ती काही महिन्यांत सुटते. पन्हळी क्लिपांनी व स्क्रूंनी बसवावी, आणि कपाटाची फळी १८ मिलिमीटरची असेल तर स्क्रू १२ मिलिमीटरहून लांब नसावा. २३० व्होल्टचे १२ किंवा २४ व्होल्ट करणारा ड्रायव्हर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेला, एकूण भारापेक्षा पंचवीस टक्के अधिक क्षमतेचा घ्यावा, आणि तो शेगडीवर किंवा सिंकखाली न ठेवता कपाटाच्या माथ्यावर, हवा लागेल असा ठेवावा. पट्टी पाच मीटरपर्यंत लांब जाणार असल्यास २४ व्होल्ट श्रेयस्कर. तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा लागतो आणि दूरचे टोक मंद पडत नाही. शेगडीच्या वरचा भाग पट्टीतून वगळावा. घरच्या वीजमंडलात ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक यंत्र असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी.

छिद्रे पाडण्यापूर्वी पन्हळी कागदी चिकटपट्टीने तात्पुरती टेकवावी, रात्री छतावरचा दिवा चालू ठेवून ओट्यासमोर नेहमीसारखे उभे राहावे, आणि ताटात मूठभर तांदूळ पसरून पाहावे. घरात स्वयंपाक करणाऱ्या दोघी वा तिघे असतील, तर त्यांतील सर्वांत ठेंगण्या व्यक्तीने खाली बसण्याच्या आसनावरूनही एकदा वर पाहावे. आडपट्टीची उंची तेथूनच ठरते.